धुक्यात दिसलेले तीन धबधबे

प्रिय टिल्लू,

पाकिटावर माझं अक्षर बघून तुझ्या काळजात धस्स झालं असेल, म्हणून पहिल्याच ओळीत सांगतो: आई चालती-फिरती आहे, आणि आज सकाळीच तिने मला चार गोष्टी सुनावल्या आहेत. फोन करायला हवा होता, कळतं मला. पण गेल्या चार वर्षांत तुझं-माझं फोनवरचं बोलणं दोन वाक्यांच्या पुढे गेलेलं नाही. ‘आईचे शुगरचे रिपोर्ट पाठव.’ ‘पाठवले.’ एवढ्या सवयीवर आजचं बोलणं निभावणार नाही. शिवाय घरात बोललो तर आईला ऐकू जातं, आणि हे पत्र मी लिहितोय हे तिला कळता कामा नये. एक गोष्ट तुला सांगायची नाही असं तिने माझ्याकडून कबूल करून घेतलंय, आणि ती मी सांगणार आहे. फक्त क्रमाने सांगू दे. मधूनच सुरुवात केलेली मला चालत नाही, हे तुझ्याइतकं कुणाला माहीत असणार! जेवणाच्या सुट्टीत तपासणीच्या टेबलावर बसून लिहितोय. शेजारी गोळ्यांच्या पाकिटांचा ढीग आहे. त्यांच्यावरच्या तारखेचा एखादा आकडा पुसट आला असेल तर तो शोधून काढायचा मला पगार मिळतो. हे लक्षात ठेव, पुढे त्याची मला लाज वाटणार आहे.

शहराबाहेरच्या डोंगरात एक दिवसाची सहल जाते. सकाळी सातला बस, दोन धबधबे, मग एक कड्यावरची जागा, संध्याकाळी परत, सोबत गाइड. आई दोनदा जाऊन आली आहे हे तुला माहीतच आहे, कारण दोन्ही वेळा तिने तुला फोनवर धबधब्यांचं साग्रसंगीत वर्णन ऐकवलं होतं. मी तेव्हा शेजारच्या खोलीत होतो. पाणी कसं तीन पदरांनी पडतं, खडक कसा शेवाळाने काळा-हिरवा झालाय, वगैरे. आईला इतकं छान बोलता येतं हे मला नवीनच होतं. दोन्ही वेळा ती समोरच्या शिवणकामवाल्या बाईंबरोबर गेली होती. या वेळी त्या बाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, म्हणून माझी वर्णी लागली. मला सांगितलं काय, तर तुझा चेहरा कारखान्यात बसून पांढरा पडलाय, जरा हवा लागू दे. मी नाही म्हणालो. मला डोंगर दुरूनच बरे वाटतात. पण दोन तिकिटं आधीच काढून झाली होती. आईचं हे नेहमीचंच, आधी करायचं आणि मग विचारायचं.

बस वीस-बावीस जणांची होती. गाइड म्हणजे चाळिशीच्या एक बाई, निळी टोपी, घसा कायमचा बसलेला. आईला बघताच त्या म्हणाल्या, आलात आजी, तुमची जागा ठेवलीय. जागा पहिल्याच रांगेत, माइकच्या अगदी मागे. आईने मला खिडकी दिली आणि स्वतः कडेला बसली. लहानपणी खिडकीसाठी आपण एकमेकांचे केस उपटायचो, आणि इथे आपण होऊन मिळाली! मला बरं वाटलं. आई आहे शेवटी, म्हटलं. माणूस इतका मठ्ठ असू शकतो.

या गाइडबाईंची सांगायची एक पद्धत आहे. त्या नुसतं ‘तिकडे बघा’ म्हणत नाहीत. बसचं तोंड म्हणजे बारा वाजले असं धरायचं आणि त्यावरून दिशा सांगायची. दहा वाजता पांढरी रेघ दिसतेय ती पहिली धार, दोन वाजता बोडका सुळका, त्याच्या पायथ्याशी मेंढ्या, मोजा, अकरा आहेत. एकदा सुरू झाल्या की घोटभर पाण्यासाठीही थांबत नाहीत. मागच्या सीटवर एक ढेरपोटे गृहस्थ होते, ते पहिल्या अर्ध्या तासातच कंटाळून झोपले. आई मात्र पुढे वाकून एकेक शब्द टिपत होती. मधेच ओठ हलवून ती काहीतरी पुटपुटायची. मला वाटलं, प्रार्थना वगैरे करतेय घाटात.

पहिल्या धबधब्याला खाली उतरायला पायऱ्या आहेत. आईने माझं कोपर धरलं ते सोडेना. मी वैतागलो, कारण तिच्या चालीने आम्ही सगळ्यांच्या मागे पडत होतो. खाली पोचल्यावर ती कठड्याला धरून तोंड वर करून उभी राहिली. तुषार तोंडावर घेत, डोळे मिटून, इतकी खूश की मी घड्याळ बघायचं थांबवलं. एका नवविवाहित जोडप्याने तिला विचारलं, आजी, आमचा एक फोटो काढता का? आईने फोन माझ्या हातात दिला, म्हणाली, माझे हात ओले आहेत रे, तूच काढ. मी काढला. दुसऱ्या धबधब्यापाशी आम्ही ब्रेड आणि उकडलेली अंडी खाल्ली. तिने अंड्याला मीठ दोनदा लावलं. मी पाहिलं आणि माझं अंडं सोलत बसलो.

दुपारी कड्यावर पोचलो तेव्हा धुकं इतकं दाट होतं की कठड्यापलीकडे काहीच नव्हतं. काही म्हणजे काहीच नाही, नुसतं पांढरं. लोक कुरकुरायला लागले, पैसे वाया गेले म्हणाले, निम्मे बसकडे परतले. गाइडबाई म्हणाल्या, आज देखावा नाही, पण इथे काय असतं ते मी सांगते, म्हणजे पुढच्या वेळी आलात की ओळखता येईल. आणि त्यांनी नेहमीच्याच उत्साहाने सुरुवात केली. बारा वाजता एकाखाली एक तीन धबधबे. त्यांच्या खाली दरीत चार घरं, एकाचं छप्पर लाल. त्या बोलून थांबल्या आणि आई मोठ्याने म्हणाली, आज किती स्वच्छ दिसतंय! ते लाल छपराचं घर बघ रे, धूरसुद्धा निघतोय.

उरलेले सगळे खो खो हसले. त्या ढेरपोट्या गृहस्थांनी टाळ्या वाजवल्या, आजी फॉर्मात आहेत म्हणाले. मीही हसलो. हसता हसता तिच्याकडे पाहिलं, तर ती हसत नव्हती. ती माझ्या बाजूला मान वळवून वाट बघत होती, मी ‘हो’ म्हणायची. मग मी गाइडबाईंकडे पाहिलं. त्यांनी नजर खाली घातली. मी म्हणालो, हो आई, दिसतंय. आयुष्यात पहिल्यांदा मी न दिसलेली गोष्ट दिसली म्हणून सांगितली.

परतताना रस्त्यात चहाला बस थांबली. आई हात धुवायला गेली तेव्हा गाइडबाई माझ्यापाशी आल्या. तुम्हाला घरी माहीत नव्हतं का, असं त्यांनी अगदी हळू विचारलं. त्यांना पहिल्या सहलीलाच आईने सांगितलं होतं, की बाई, मला फारसं दिसत नाही, तेव्हा तुम्ही बोलत राहा, थांबू नका. म्हणजे एका परक्या बाईला माहीत, शिवणकामवाल्या बाईंना माहीत, आणि एका घरात राहून मला नाही. मी चहा घेतला.

बस सुटल्यावर ते गृहस्थ पुढे येऊन म्हणाले, आजी, एवढ्या धुक्यात आम्हाला स्वतःचे बूट दिसेनात, तुम्हाला बरा धूर दिसला! त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. आईही हसली. मग ती पर्सचा पट्टा बोटाभोवती गुंडाळत राहिली. दोन वळणं गेली असतील. मला म्हणाली, धुकं होतं का रे? मी हो म्हणालो. ती म्हणाली, मला वाटलं, पाण्याचे तुषार.

आणि मग तिने सगळं सांगितलं, दुसऱ्या कुणाची हकीकत सांगावी तसं. डावा डोळा दोन वर्षांपूर्वीच गेला. उजवा गेल्या थंडीपासून जातोय. समोरचं मधलं पुसलं जातं, कडेकडेचं थोडं राहतं. ती डॉक्टरांकडे एकटी जात होती, मला सांगायची भाजी आणायला जाते म्हणून. मी विचारलं, मला का नाही सांगितलंस? ती म्हणाली, सांगणार होते, पण तू घरी येतोस, जेवतोस आणि भिंतीकडे बघतोस. मग म्हणाली, घरात मला कोण सांगतं काय दिसतंय ते? ती बाई दिवसभर सांगते. टिल्लू, हे तिने चिडून सांगितलं असतं तर मी भांडलो असतो. तिने ते इतकं सहज सांगितलं की मला खिडकीबाहेर बघत बसावं लागलं.

त्यानंतर घर तपासलं. हे काम मला येतं. गॅसच्या एका बटणावर शर्टाचं बटण चिकटवलेलं सापडलं, बोटाला कळावं म्हणून. साखरेच्या बरणीला ओळखीसाठी रबर बँड लावलेला होता, मिठाच्या नाही. पण तो तुटून पडला होता, कधी तुटला कोण जाणे. पेपर बंद केला तेव्हा ती म्हणाली होती की हल्ली बातम्यांत राम राहिला नाही, आणि मी पेपरवाल्याला तसं कळवून मोकळा झालो होतो. आणि तुझा व्हिडिओ कॉल आला की तुला तिचा नुसता कान दिसतो म्हणून तू हसतेस ना? आईला फोन धरता येत नाही, म्हणतेस. तिला धरता येतो. ती तुला डोळ्याच्या कडेने बघायला मान फिरवते.

पुढच्या आठवड्यात मी तिच्याबरोबर डॉक्टरांकडे गेलो. डॉक्टरीणबाईंनी कागदावर एक गोल काढला आणि मधला भाग पेन्सिलीने काळा केला. गेलं ते परत येणार नाही म्हणाल्या. इंजेक्शनं चालू आहेत, त्याने वेग कमी होतो, कधी होतही नाही. त्या म्हणाल्या, आंधळ्या होणार नाहीत, घरात वावरतील, जिना उतरतील. पण चेहरे जातील. किती दिवसांत, तर सहा महिने, फार तर वर्ष. आई शेजारी बसून हे ऐकत होती, आणि बाहेर आल्यावर तिने पहिलं काम काय केलं, तर माझ्याकडून वचन घेतलं की तुला कळवायचं नाही. तुझी नवी नोकरी, तिकिटाचा खर्च, लेकीने रडत यावं हे तिला नको. टिल्लूला यायचं तेव्हा ती आनंदाने येईल, म्हणाली. मी मान डोलावली. मग लक्षात आलं की तिला दिसलं नसेल, म्हणून तोंडाने म्हणालो, नाही कळवणार.

आता हे पत्र का, ते लिहितो. अगदी हेच वचन मी बाबांनाही दिलं होतं. त्यांनी हॉस्पिटलमधून सांगितलं, टिल्लूची परीक्षा होऊ दे, मग कळव. मी तुला फोनवर म्हणालो, घाबरण्यासारखं काही नाही. तीन वेळा म्हणालो, मला आठवतं. तू पोचलीस तेव्हा बाबा गेले होते, आणि घर भरून नातेवाईक बसलेले असताना मी म्हणालो की तुला आता कुणी गेल्यावरच यायची सवय झालीय. तू माझ्याकडे पाहिलंस आणि तिसऱ्या दिवशी बॅग उचलून परत गेलीस. मी कुणालाच खरं सांगितलं नाही. उशिरा कळवणारा मी होतो, आणि दोष तुझ्या अंगावर टाकून मी मोकळा झालो. माझं चुकलं. चार वर्षं हे मला दिसत होतं आणि मी बघत नव्हतो. या वेळी वचन मोडतोय, पण वेळेत कळवतोय. ये. माझ्याशी बोलू नकोस हवं तर. तू असशील तेवढे दिवस मी कारखान्यातल्या मित्राकडे राहीन. फक्त एक कर. दारातून ‘आई’ म्हणून हाक मारू नकोस. आवाजावरून ती तुला पुढच्या वर्षीही ओळखेल, दहा वर्षांनीही ओळखेल. ती खुर्चीत बसलेली असेल. तिच्या उजव्या बाजूला, खिडकीच्या उजेडात जाऊन गप्प उभी राहा आणि तिला मान वळवून तुला बघू दे. वेळ लागेल. तिने नाव घेईपर्यंत थांब.

तुझाच, तू म्हणशील तर अजूनही,
दादा