समीरची फेअरलेडी

रवि., २२ सप्टें.
समीरने गाडी घेतली. फेअरलेडी, जुनी जपानी टू-सीटर. माझ्याकडे आहे तीच, रंगही तोच लाल. फरक एवढाच की त्याची चालते. माझी तीन वर्षं गॅरेजमध्ये स्टँडवर, चाकं काढून.
आमच्या अख्ख्या क्वेकर्स हिल उपनगरात फिरवली पठ्ठ्याने. कार्ब्युरेटर कशाशी खातात हे माहीत नव्हतं याला. माझ्याच गॅरेजमध्ये, माझा चहा पीत शिकला सगळं. तोंडभरून अभिनंदन केलं. पण जळफळाट झाला, दुसरा शब्द नाही.

रवि., २९ सप्टें.
पेंडल हिलला किराणा. स्टेशनपाशी समीर, गाडी आणि घोळका. एक गोरे आजोबा: "ब्रिटिश कॉपी, इझंट इट, मेट?" मी तोंड उघडेपर्यंत समीर सुरू. तोंडावळा ब्रिटिश वाटतो खरा, पण त्या ब्रिटिश गाडीच्या आधी ही प्रदर्शनात आली होती. जपानमधल्या शर्यतीत हिने ब्रिटिश गाड्यांना मागे टाकलं होतं. वगैरे.
शब्दन् शब्द माझा. हातवारेसुद्धा! गाडी नाही, हा कॉपी आहे.

बुध., २ ऑक्टो.
लेकीला लर्नर लायसन्स मिळालं. इरा लहान असल्यापासून आमचं ठरलेलं, शिकायचं ते बाबाच्या फेअरलेडीवर. आज समीरच्या गाडीवर शिकून आली.
"बाबा, इट वॉज अमेझिंग! युअर्स इज नेव्हर गोइंग टू बी रेडी, इज इट?"
टोमणा नव्हता. म्हणूनच जास्त लागलं. गाडी ने रे समीर, पण इरा…

शनि., १२ ऑक्टो. दसरा
समीरकडे गाडीची पूजा. नारळ मी फोडायचा म्हणे. "गुरू तू आहेस यार!" त्याच्या बायकोने, रश्मीने, पुढच्या जाळीवर झेंडूच्या माळा बांधल्या. एकीवर एक, जाळी दिसेनाशी झाली. उकाडा मरणाचा, आणि रेडिएटरला वारा लागणार कुठून? मला दिसलं. एक वाक्य पुरलं असतं. पण इरा त्याच्या शेजारी गॉगल लावून बसली होती, हसत होती. गप्प बसलो. नारळ फोडला. गेले दोघं.
थोड्या वेळाने इराचा फोन. इंजिनातून वाफ, गाडी बंद. "बाबा, कॅन यू कम?"
गेलो. इरा ठीक आहे. देवाचे आभार मानायलाही तोंड नाही मला.

रवि., १३ ऑक्टो.
गाडी माझ्याच गॅरेजमध्ये आणली. हेड गॅस्केट गेली, आता इंजिन उघडून नवी बसवायची. समीर रडवेला. "तू आहेस म्हणून बरं, हेमंत." जीव नकोसा झाला.
तो गेल्यावर इरा पाने-पक्कड पुसता पुसता म्हणाली, "आय टोल्ड हिम, बाबा, फुलं जास्त आहेत. समीरकाका म्हणाला, तुझा बाबा समोर उभा आहे ना? काही चुकत असतं तर तो बोलला असता."
मी बोल्ट सोडवत राहिलो.

गुरु., १७ ऑक्टो.
नवी गॅस्केट जपानहून यायला ख्रिसमस उजाडेल. समीर म्हणाला, नो वरीज, थांबू. माझ्याकडे एक आहे. माझ्या गाडीसाठी आणलेली, सीलबंद. समीरला माहीत नाही. इराला आहे, खोक्यावर 'बाबाची फेअरलेडी' तिनेच लिहिलंय. ती दिली तर माझी गाडी आणखी रखडणार. आणि इरा पुन्हा त्याच्या शेजारी. असले हिशोब अजून सुचतातच मला.
वेस्टमीडहून शिफ्ट संपवून आलो तर शेल्फ रिकामं. खोकं इराने दोन गाड्यांच्या मधल्या बाकावर आणून ठेवलेलं.
जेवताना इरा शाळेचंच बोलली. गॅस्केटचं नाही, माळांचंही नाही. तिने विचारलं असतं तर बरं झालं असतं.
आत्ता बघून आलो. खोकं तिथेच आहे.