वैशालीची तीन मिनिटे

रविवार, लाटंबार्से

आज पाळी गावात दादाच्या घरी सगळे टीव्हीसमोर बसलो होतो. नव्या लघुपट दिग्दर्शकांच्या स्पर्धेत दादाची वैशाली शेवटच्या पाचांत होती. तिची फिल्म तीनच मिनिटांची. वहिनी दादाचे खाणीवरचे कपडे धुते, खनिजाच्या धुळीने बादलीतले पाणी लाल होते, ती ते ओतते, पुन्हा भरते. बस, एवढेच! पण ते लाल पाणी अजून डोळ्यांपुढून हलत नाही.

परीक्षकांनी विचारले, "खाण का नाही दाखवलीस?"

"खाण सगळ्यांनी पाहिलीय, सर. आईचं धुणं कोणी पाहिलं नाही."

अंगावर काटा आला. एवढीशी पोर, हे शिकली कुठे? आणि 'बँकेची परीक्षा दे, ही थेरं सोड' असे तिला सांगणारी आत्या मीच ना? चौथ्या बादलीला पाणी जरासे फिकटले, तेव्हा परीक्षकसुद्धा पडद्याकडे वाकून बघत होते.

निकालात ती बाहेर पडली. दादा चिडून टीव्ही बंद करायला उठला. वहिनीने हात धरून त्याला थांबवले.

"रवा जरा," ती म्हणाली. "ह्यां पाणी मी इतकी वर्सां ओततंय. आज पयल्यांदा बघलंय."