माय म्हणून कोण बसलं

प्रिय गोपीचंद,

पत्राला फार उशीर झाला, माफ कर. दोनदा लिहायला बसलो आणि उठलो. तुझा फोन लागत नाही, म्हणून भट्टीवरून तुमच्या गावी परत निघालेल्या बेबीबाईच्या हाती हे देतो. तिला वाचता येत नाही, ते बरंच आहे. तूही एकट्यानंच वाच.

तुझी पंचफुला जिवंत आहे, हे आधी लिहितो. बाळ मात्र राहिलं नाही. मुलगी होती.

तुझे गुडघे गेले, म्हणून यंदा पोरगी तुझ्याविना, जावयासोबतच आमच्या शेताशेजारच्या वीटभट्टीवर आली. पोट दिसू लागलं तशी आमची घरवाली रत्नाबाई तिला आरोग्य उपकेंद्रात घेऊन गेली. तिथं म्हणाले, नोंद तुझ्या गावची, तपासणी तिकडेच कर. तिकडे फोन केला, तर ते म्हणाले, राहतेस तिथंच दाखव. भट्टी कोणत्याच गावात मोडत नाही म्हणे. पुन्हा जायचं तर काम बुडतं, आणि विटा पाडायला जोडीच लागते. ती गेली नाही. रक्त कोणी तपासलंच नाही.

मग ताप चढला, हाडं ठणकतात म्हणून ओरडू लागली. भंडाऱ्याच्या दवाखान्यात नेईपर्यंत बाळ पोटातच गेलं होतं. बायकांच्या वॉर्डात पुरुषांना थांबू देत नाहीत, त्यामुळे जावई कमलेश बाहेर. तुम्ही हिच्या कोण, असं विचारल्यावर रत्नाबाई म्हणाली, "मी हिची माय आहो." नाहीतर तिलाही बाहेर काढलं असतं. पुढे डॉक्टरीणबाईंनी विचारलं, घरात कोणाला सिकलसेल, तो आईबापाकडून येणारा रक्ताचा आजार, आहे का? रत्नाबाईनं आपल्याच घराचा विचार केला आणि नाही म्हणाली.

आता पंचफुलाच्या छातीत दुखतं, दम लागतो. दुसऱ्याचं रक्त चढवल्यामुळे तपासणीत सिकलसेल आहे की नाही ते नीट कळत नाही म्हणतात. रत्नाबाई तिची माय नाही, हे आम्ही सांगून टाकलं. डॉक्टरीणबाई रागावल्या, पण रत्नाबाईला बसू दिलं. पंचफुलाला घरच्या आजाराचं विचारलं तर एवढंच म्हणते, "बाबाले विचारा."

गोपीचंद, तुझा पोरगा गोलू थंडीत भट्टीवर गुडघे धरून रडायचा आणि तू सर्दी आहे म्हणायचास. तो गेला तेव्हाही तू सर्दीच म्हणालास. बहिणीचं लग्न अडू नये म्हणून माणसं असा आजार झाकतात, आमच्याही गावात झाकतात. मी कमलेशला काही बोललो नाही, बोलणारही नाही. गोलूला काय होतं, तेवढं मला सांग. कागदाच्या पाठीमागे माझा नंबर आहे. रेंज मिळेल तिथपर्यंत चालत जा, पण कळव, आजच कळव.

तुझाच,
धनीराम