निळ्या गाडीची खालची बाजू

३ ऑक्टोबर, मंगळवार

झालं, पुन्हा हो म्हणून बसलो! यंदा दुसऱ्यांची कामं अंगावर घ्यायची नाहीत, असं हिला सांगून महिनाही झाला नाही. पण मास्तरांना नाही कसं म्हणणार?

आज आमच्या, खेळण्याएवढ्या गाड्या बनवणाऱ्यांच्या, मंडळाची बैठक होती. वाचनालयाची वरची खोली, नेहमीची नऊ-दहा डोकी, प्रत्येकाची छोटी गाडी रुमालात गुंडाळलेली. दातांच्या डॉक्टरांनी ड्रिलच्या जुन्या सुया आणून दिल्या— प्लॅस्टिकला बारीक भोकं पाडायला त्यांच्यासारखं दुसरं हत्यार नाही. घड्याळवाल्याने रिवाजाप्रमाणे प्रत्येकाची एकेक चूक काढली. माझ्या गाडीचा आरसा म्हणे केसभर वाकडा. असेल! गॅरेजमध्ये तीस वर्षं खऱ्या गाड्यांचे आरसे सरळ केले, आता एक वाकडा राहिला तर राहू दे.

निघताना मास्तर जवळ आले. भूगोलाचे मास्तर, निवृत्त. वर्षभर येतात, स्वतः काही बनवत नाहीत, नुसते बघत बसतात. म्हणाले, "माझ्या मुलाची गाडी करून द्याल? तो गेला, चार वर्षं झाली. त्याच गाडीत, अपघातात. नात पाच वर्षांची आहे. बाबांची गाडी कशी होती, विचारते."

मी हो म्हणालो. परवा फोटो आणून देतो म्हणाले.

घरी येऊन हिला सांगितलं तर म्हणते, "तुम्हाला लहानपणी कुणी खेळण्यातली गाडी दिली नाही, त्याचे भोग मी भोगतेय." पण मास्तरांच्या मुलाचं सांगितल्यावर माझं कामाचं टेबल तिनेच पुसून दिलं.

५ ऑक्टोबर, गुरुवार

फोटो आले. सात आहेत. छोटी निळी गाडी, पाच दारांची. एकात मुलगा बॉनेटला टेकून उभा. चष्मा, हसरा चेहरा. कुठेतरी पाहिल्यासारखा वाटला, पण गॅरेजवाल्याला सगळेच पाहिल्यासारखे वाटतात.

सातवा फोटो मागच्या बाजूचा. उजव्या दिव्याची काच फुटलेली आणि तिथे लाल प्लॅस्टिकचा तिरका तुकडा चिकटवलेला.

तो तुकडा मी चिकटवलाय! सायकलच्या मागे लावतात त्या लाल चकतीतून कापून. दिवा मिळत नव्हता, मुलाला घाई होती.

फोटो पाकिटात घातले आणि पाकीट कपाटात.

६ ऑक्टोबर

सगळं आठवलं. आठवायचं नव्हतं तरी.

दिव्याचं काम केल्यावर दोन-तीन महिन्यांनी तो परत आला होता. ब्रेकचं तेल कमी होतंय म्हणून. गाडी वर उचलली, तर मागच्या चाकाकडे जाणारी ब्रेकची नळी गंजून गेलेली. नवी नळी यायला आठवडा लागणार होता. तो म्हणाला, "काका, उद्या बाहेरगावी जायचंय हो, सगळी तयारी झालीय. तेवढं तरी चालेल असं काहीतरी करा!" मी सडलेला भाग कापला, मधे तांब्याच्या नळीचा वीतभर तुकडा जोडला, आणि सायलेन्सरला लागू नये म्हणून तारेने वरच्या पट्टीला बांधला. नीट बांधला का? घाईत बांधला. एवढं आठवतंय की दाराशी दुसरी गाडी हॉर्न वाजवत होती.

"आठ दिवसांनी ये, नवी टाकू. तोवर बिनघोर जा," असं म्हणालो.

तो आला नाही. नवी नळी मी मागवून ठेवली होती. गिऱ्हाईक दुसरीकडे गेलं म्हणून मी चिडलो होतो! फोनसुद्धा केला नाही.

तांबं पट्टीवर घासलं तर झिजतं. झिजलं तर फुटतं.

८ ऑक्टोबर, रविवार

न राहवून मास्तरांना फोन केला. काच कुठल्या रंगाची होती वगैरे काहीतरी विचारलं, आणि मग सहज विचारल्यासारखं— अपघात झाला कसा? माझाच आवाज मला खोटा वाटला.

म्हणाले, "उतारावर. पुढे ट्रक उभा होता. गाडी पेटली, तपासायला काही उरलंच नाही. वेग जास्त होता असं लिहिलं पोलिसांनी."

वेग! फोन ठेवला आणि इतकं हलकं वाटलं की दोन कप चहा प्यायलो. तरणा मुलगा, मोकळा रस्ता, दाबली असेल गाडी. माझा काय संबंध?

मग कपबशी विसळताना स्वतःची शिसारी आली. एकाचा मुलगा गेला आणि मला हायसं वाटतंय.

आणि अपघात कोणत्या दिवशी झाला ते विचारलंच नाही. विचारायची हिंमत झाली नाही.

९ ऑक्टोबर

काम परत करावं का? काय कारण सांगू? डोळे, हात, पाठ? परवाच बैठकीत मुंगीएवढ्या अक्षरांत नाव रंगवून फुशारकी मारली आहे. कोण विश्वास ठेवेल!

१२ ऑक्टोबर, गुरुवार

करायला घेतली. चोवीसपट लहान. बाजारात मिळणारा सांगाडा या गाडीच्या बहिणीसारख्या दिसणाऱ्या दुसऱ्याच गाडीचा आहे, त्यामुळे दारं कापून, पुट्टी भरून, घासून पुन्हा घडवावी लागतायत. रंगाचे तीन हात दिले. निळा अगदी बरोबर जमला.

काम करताना भीती वाटत नाही. हात थांबले की वाटते. म्हणून हात थांबवत नाही. ही म्हणते, "जेवायला या, गाडी पळून जात नाही."

१५ ऑक्टोबर

मुलाचा फोटो समोर ठेवता येत नाही. उलटा ठेवलाय. दिव्यावरचा लाल तुकडा मात्र हुबेहूब झाला. तसाच तिरका.

१७ ऑक्टोबर, मंगळवार

मी काय करून बसलो!

आमच्या मंडळात एक रीत आहे— गाडी पुरी झाली की उलटी करून पोट दाखवायचं. वरून सगळेच चकाचक करतात, खरं काम पोटात कळतं. मी तर पोटासाठीच ओळखला जातो. सकाळी खालची बाजू केली. सायलेन्सर, आस, गंजाचे डाग, मागे जाणारी नळी. हात आपसूक चालत होते, रेडिओ लावला होता. फोटो काढले, ग्रुपवर टाकले. दातांचे डॉक्टर लगेच— "वा! पोट बघा पोट!" अंगठ्यांवर अंगठे आले. मी खूश!

दुपारी फोटो मोठा करून पाहिला. नळीच्या मधे तांब्याचा तुकडा. टेलिफोनच्या वायरीतली तार सोलून मीच लावलेली. आणि ती वरच्या पट्टीला बांधलेली.

कुणी सांगितलं होतं करायला? कुणीच नाही. माझ्या डोळ्यांपुढे ती गाडी अशीच आहे, म्हणून हातांनी अशीच केली.

फोटो काढून टाकायला गेलो. आठजणांनी पाहिला होता. त्यात मास्तर.

१८ ऑक्टोबर

मास्तरांचा निरोप: "गाडी फार सुंदर झाली आहे. एक शंका. खालच्या बाजूचा फोटो मी दिला नव्हता ना?"

चारदा लिहून पुसलं. मग लिहिलं, "त्या कंपनीच्या सगळ्या गाड्या खालून अशाच असतात."

उत्तर नाही.

१९ ऑक्टोबर, गुरुवार

घड्याळवाल्याचं तोंड शिवायला हवं! ग्रुपवर सगळ्यांसमोर लिहितो: "एक चूक सापडली बरं का. माझ्या मेहुण्याची हीच गाडी होती. मागची नळी अख्खी लोखंडी असते, मधे तांबं नसतं. हे कुठून आणलंत?" आणि पुढे हसरा चेहरा.

त्याचा दोष नाही. बिचाऱ्याला चुकाच दिसतात. पण मला घाम फुटला. पंख्याखाली बसून घाम!

मास्तरांनी ते वाचलेलं दिसतंय.

२० ऑक्टोबर

दारावरची बेल वाजली की आधी खिडकीतून बघतो. आज दोनदा वाजली. एकदा कपड्यांना इस्त्री करणारा, एकदा शेजारीण.

मास्तरांचा निरोप: "सोमवारी सकाळी गाडी न्यायला येतो." बास, एवढंच.

२१ ऑक्टोबर, शनिवार

तांब्याची तार काढायला बसलो. लोखंडी नळी लावून टाकू, चूक झाली म्हणू, घड्याळवालाही खूश. ड्रिलची सुई घेतली, गोंद खरवडला. सुई घसरून गाडीच्या पोटावर ओरखडा उठला.

ही मागे येऊन उभी होती, मला कळलंच नाही. म्हणाली, "चांगलं झालेलं बिघडवताय का?"

आणि मी रडलो. एकसष्ट वर्षांचा घोडा, हातात खेळण्यातली गाडी घेऊन रडलो.

सगळं सांगितलं. तिने एकच विचारलं, "मुद्दाम केलंत का?"

"वेडी आहेस का?"

"मग सांगून टाका त्यांना."

"आणि त्यांनी पोलिसात दिलं तर?"

तिने माझ्या हातातली सुई काढून बाजूला ठेवली. मग म्हणाली, "तर मी डबा घेऊन येईन. भाजी आवडली नाही म्हणून तिथे तरी तोंड वाकडं करू नका."

तार तशीच ठेवली. ओरखडाही.

२२ ऑक्टोबर

उद्या. मास्तर ओरडतील का? मारतील? मारू देत. नातीला घेऊन नाही आले म्हणजे मिळवलं.

२३ ऑक्टोबर, सोमवार

एकटेच आले. दहाला. इस्त्रीचा सदरा. बसले, पाणी प्यायले, गाडी हातात घेतली. आधी चारी बाजूंनी पाहिली, लाल तुकड्यावरून बोट फिरवलं. मग उलटी केली.

मी म्हणालो, "मास्तर, ती तांब्याची नळी मी बसवली होती. या गाडीत नाही. खऱ्या गाडीत."

एकदा तोंड उघडल्यावर थांबता येईना. गंज, घाई, हॉर्न, तार, आठ दिवसांनी ये. "बिनघोर जा" म्हणालो तेही सांगितलं. कोणत्या दिवशी झाला अपघात, तेही शेवटी विचारलं. ते म्हणाले, "परत येताना. पाचव्या दिवशी."

पाचव्या दिवशी.

ओरडले नाहीत. गाडी हातात तशीच उलटी. मग विचारलं, अगदी वर्गात विचारतात तसं, "ती नळी फुटली तर ब्रेकचं काय होतं? नीट सांगा, मला गाडीतलं कळत नाही."

सांगितलं. तेल निघून जातं. पेडलवर पाय ठेवला की पेडल थेट खाली जातं, जमिनीला टेकतं. ब्रेक निम्माच उरतो. उतारावर, सामान भरलेल्या गाडीला निम्मा ब्रेक म्हणजे काहीच नाही.

"पाय खाली जातो?"

"हो."

"चालवणाऱ्याला तसं कळतं? पाय खाली गेला असं?"

"कळणारच."

मास्तरांचा चेहरा असा झाला की मला बघवेना. मुलाचे शेवटचे क्षण त्यांच्यासमोर मीच मांडले होते. त्यांनी गाडी टेबलावर ठेवली, उठले, चपला घालायला दोन मिनिटं लागली. हिने हात धरला तर म्हणाले, "राहू दे, जमेल." गेले.

गाडी इथेच राहिली.

२४ ऑक्टोबर

काही नाही. ना फोन, ना निरोप. ग्रुपमधून मास्तर बाहेर पडले. डॉक्टर विचारतात, काय झालं? मी काय सांगू!

ही म्हणते, होईल ते होईल, दाढी तरी करा. पोलीस आले तर बरा दिसेन म्हणून केली.

२५ ऑक्टोबर, बुधवार

अकरा वाजता फोन. अनोळखी नंबर. पोलीसच, असं धरून उचलला. बाईचा आवाज होता.

"मी मास्तरांची सून बोलतेय. त्या दिवशी गाडी मी चालवत होते."

इतके दिवस माझ्या डोळ्यांपुढे ती गाडी तो मुलगाच चालवत होता.

"चार वर्षं सांगतेय, माझा पाय खाली गेला, ब्रेक लागलाच नाही. या घरात कुणी खरं मानलं नाही. सगळे म्हणतात, मीच जोरात चालवली, मीच मारलं त्यांना. आता बाबा समोर बसलेत. सासूबाईंनाही बोलावलंय. फोनचा आवाज मोठा केलाय. बाबांना सांगितलंत ते पहिल्यापासून सांगा."

सांगितलं. माझं नाव, गॅरेजचं नाव, सगळं.

सांगून संपलं. पलीकडे कुणीतरी म्हातारं माणूस रडत होतं.

मग तीच म्हणाली, "आता पुन्हा एकदा सांगा. सावकाश."