नव्या पिस्तुलाची खिटी

रत्नागिरी, दसरा, १९८६

शस्त्रपूजेसाठी नवं पिस्तूल पुसायला घेतलं. वरची स्लाइड मागे ओढली ती तिथेच अडकली, पुढे येईचना. मेल्या, खोबरेल कशाला चोपडलंस, म्हणून स्वतःलाच शिव्या घातल्या. मग मुठीतलं गोळ्या भरायचं मॅगझिन काढून पुन्हा ओढली, सोडली, तर झटकन पुढे! म्हणजे खोबरेलाचा दोष नाहीच. रिकामं मॅगझिन आतून एक खिटी वर ढकलतं आणि ती खिटी स्लाइडला मागेच धरून ठेवते. गोळ्या संपल्याचं कळावं म्हणून. एवढीशी खिटी!

“अगो, समजलं गो! कुंकू आण,” आनंदात हाक मारली. हाक माजघरात पोचल्यावर आठवलं, ही गेल्यानंतरचा हा पहिलाच दसरा.

कुंकू मीच लावलं. मॅगझिन घालून स्लाइड पुन्हा मागे ओढली. देवापुढे पिस्तूल तसंच उघडं आहे. मिटावंसं वाटत नाही.