न दुखावलेला डावा गुडघा

मी, इसिकेली तुईलोमा, वय वर्षे त्रेपन्न, राहणार नाकोरोवाई गाव, सिंगातोका नदीकाठ, फिजी, पूर्वीचा धंदा रग्बी खेळणे आणि सध्याचा धंदा रग्बी शिकवणे, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. पंधरा वर्षे मी स्क्रमच्या पहिल्या फळीत डोके घालून समोरच्या आठ जणांना रेटले, तरी डोके शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. पुढच्या महिन्यात राजधानीत, सुव्याला, माझ्या हृदयाची शस्त्रक्रिया आहे, म्हणून पत्नी मेरेसियाना चार वेळा "लिहून ठेवा" म्हणाली, ते दडपण धरू नये.

१. ज्या जमिनीवर माझे घर आहे ती कुळाची आहे. ती माझी कधीच नव्हती, त्यामुळे ती कोणाला देण्याचा प्रश्न येत नाही.

२. घर मेरेसियानाला. तिच्यानंतर मुलगी तोरिका हिला. छप्पर मी फ्रान्समध्ये खेळून घातले. त्या छपराबद्दल कलम सहामध्ये अधिक लिहिले आहे.

३. घरातील सामान. आमच्याकडे नात्यातल्या कोणी वस्तू मागितली की नाही म्हणता येत नाही, आणि माझे नातेवाईक संकोची नाहीत. फ्रान्सहून आणलेला फ्रिज पाळकांकडे आहे, शिवणयंत्र मेहुणीकडे, कोट कोणाकडे आहे ते मला आठवत नाही. जे जिथे आहे ते तिथेच राहावे. कोणी परत मागायला जाऊन माझी लाज काढू नये.

४. मैदानावरचा नारळाच्या खोडांचा गाडा, ज्याला खांदे लावून मी गावातल्या दोन पिढ्यांना रेटायला शिकवले, तो मैदानाचाच. चाकांना दर पावसाळ्यानंतर वंगण घालावे. माझी शिटी तोरिकाला. ती माझ्यापेक्षा जोरात धावते आणि माझ्यापेक्षा कमी बोलते, म्हणजे चांगली शिक्षिका होईल. तिला एवढेच सांगणे, की मुलांना आधी अनवाणी खेळू द्यावे. आम्ही गवत भरलेल्या बाटलीला चेंडू म्हणायचो, रविवारी प्रार्थनेनंतर चर्चचे कपडे काठावर घड्या घालून ठेवायचो आणि अंधारून येईपर्यंत एकमेकांना चिखलात लोळवायचो. पुढे तीस हजार माणसांसमोर खेळलो. पण ओल्या गवताचा तो वास मला दुसरीकडे कुठे आला नाही, आणि त्याची आठवण येऊन फ्रान्समधल्या पहिल्या हिवाळ्यात मी उशीत तोंड खुपसून रडलो आहे.

५. पलीकडच्या गावचे मास्तर अपिसाई यांनी १९९३च्या जिल्हा सामन्यात पंच असताना माझा ट्राय, म्हणजे रेषेवर चेंडू टेकवून मिळवलेले गुण, नाकारला. चेंडू रेषेवर टेकला होता. मी गेल्यानंतरच्या शंभराव्या रात्रीच्या जेवणाला त्यांना अवश्य बोलवावे, अळूचे कंद भरपूर वाढावेत, पण डुकराचा चांगला तुकडा देऊ नये. विचारले तर सांगावे, रेषेच्या अलीकडेच संपला.

६. आता ज्यासाठी मी हा कागद घेतला ते लिहितो.

नेमानी रोकोसुका माझा आतेभाऊ. आमच्यात आते-मामे भावांनी एकमेकांची टर उडवायची आणि रागवायचे नाही, अशी रीत आहे. त्याने ती जन्मभर इमानाने पाळली. लहानपणापासून स्क्रममध्ये मी डावीकडे, तो उजवीकडे, मध्ये कोणीही असो. या दोन जागा लांबून सारख्या दिसतात, पण एकीचा माणूस दुसरीकडे उभा केला की त्याची मान आणि खांदे उलटे पिळतात. हे आम्हा दोघांना चांगले ठाऊक होते.

विश्वचषकाच्या वर्षी मी एकतीसचा होतो. देशाचे बोलावणे आले. माझ्या फ्रेंच क्लबच्या साहेबांनी शांतपणे सांगितले, जायचे तर जा, पण परतल्यावर जागा असेलच असे नाही. घराच्या भिंती उभ्या होत्या, छप्पर बाकी होते. मी डॉक्टरांकडून डावा गुडघा दुखावल्याचे पत्र घेतले आणि देशाला कळवले. माझा गुडघा दुखावला नव्हता.

डावीकडे माणूस उरला नाही, म्हणून नेमानीला तिथे उभे केले. तिसऱ्या सामन्यात स्क्रम कोसळला आणि त्याचा डावा खांदा गेला. त्यालाही फ्रान्समधल्या एका क्लबचे पत्र आले होते, ते पुन्हा आले नाही. आजही त्याचा तो हात खांद्याच्या वर जात नाही.

नाताळला मी गावी आलो. लंगडणे भागच होते. सगळ्या चर्चने माझ्या गुडघ्यासाठी प्रार्थना केली. आमची लाइसाआजी तीन आठवडे रोज खोबरेल तेलाने तो चोळत होती. नेमानी हात गळ्यात बांधून आला आणि डाव्या जागेची ती एक नंबरची जर्सी माझ्या मांडीवर ठेवून म्हणाला, "घे रे, तुझीच आहे. मी नुसती उबवून आणली."

त्याच वेळी बोलायला हवे होते. त्याऐवजी मी जर्सी गादीच्या आत शिवून टाकली, कोणी मागू नये म्हणून. त्या वर्षापासून मी या छपराखाली एकही रात्र लाज न वाटता झोपलेलो नाही, एवढेच माझ्या बाजूने सांगता येईल.

७. नेमानीला मी या मृत्युपत्राने काहीही देत नाही. वकीलबाई म्हणाल्या, साक्षीदाराच्या नावे काही ठेवता येत नाही, आणि मला साक्षीदार तोच हवा आहे. सही करण्याआधी त्याने हा कागद पूर्ण वाचावा. त्याच्यासमोर चटईवर मी वडिलांकडून आलेला देवमाशाचा दात ठेवला आहे. आमच्याकडे माफी अशीच मागतात. समोरच्याने दात उचलला तर गोष्ट मिटली, नाही उचलला तर नाही. शेजारी ती जर्सी आहे. दोन्ही मी जिवंत असताना माझ्या हाताने देत आहे. त्याने काही उचलले नाही, तरी वरील कलमे तशीच लागू राहतील.

सही: इसिकेली तुईलोमा

आम्हा दोघांसमोर त्यांनी सही केली व त्यांच्यासमोर आम्ही करत आहोत.

साक्षीदार पहिली: केलेरा वुनिवालू, शाळामास्तरीण. (यापुढचा मजकूर सही करण्यापूर्वी नेमानीने लिहिला. मी हरकत घेतली होती.)

साक्षीदार दुसरा: इसिकेली, वाचलं. लाइसाआजीनं पहिल्याच दिवशी मला सांगितलं होतं, ह्याचा गुडघा माझ्यापेक्षा धड आहे. मी म्हटलं, मग चोळतेस कशाला? म्हणाली, एवढा मोठा माणूस फुकट लंगडतोय, काहीतरी करायला नको? मला राग होता. खूप वर्षं होता. मी तुझ्या तोंडून ऐकायची वाट बघत होतो, आणि तू बावीस वर्षं लावलीस. दात मी उचलला. जर्सी आत्ता नको. सुव्याला ह्या वेळी तुझ्या जागी मला जाता येणार नाही. ती घालून जा, आणि तुझ्या हातानं परत आणून दे.

नेमानी रोकोसुका

नाकोरोवाई, १४ ऑगस्ट २०२५