डीलरने झाकलेली राणी

मी, तुळशीदास ढवळू झुगरे, राहणार सूर्यमाळ, तालुका मोखाडा, जिल्हा ठाणे, वय शाळेच्या दाखल्याप्रमाणे त्रेपन्न आणि आईच्या सांगण्याप्रमाणे पंचावन्न, सकाळची नाचणीची भाकर खाऊन, पूर्ण शुद्धीवर, कोणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. जव्हारच्या डॉक्टरांनी छातीचा फोटो पाहून जे सांगितले, ते मी माझी पत्नी कमू हिला सांगितलेले नाही. साक्षीदारांना वाचून दाखवताना एवढे मी गाळणार आहे.

कलम १. राहते घर कमूचे. तिच्या हयातीत तिला येथून कोणी हलवू नये. मुलगा गौतम जव्हारला शिक्षक आहे, आईला खोलीवर नेतो म्हणतो. तिकडे नळाला पाणी येते, हे कबूल. पण आषाढात धुके दारातून आत शिरते, भिंती दिसेनाशा होतात, तेव्हा ती चुलीजवळ बसून म्हणते, "चालली आपली बोट." ते सुख जव्हारच्या खोलीत नाही.

कलम २. दीड एकर वरकस जमीन गौतमची. बांधावरच्या मोहाला कुऱ्हाड लावू नये.

कलम ३. चुलतभाऊ रघु याने नेलेला माझा कोयता त्याच्याकडेच राहू द्यावा. धार त्याने कधीच घालवली आहे.

कलम ४. हिरवे कापड, पत्त्यांचा कॅट आणि डबाभर चिंचोके. माझी खरी मिळकत ही.

गोव्याला नदीतल्या बोटीवर मी जुगाराच्या टेबलावर डीलर होतो. आधी चहाचे ट्रे फिरवायचो, हात हलका म्हणून पत्त्यांवर बसवला. काळे जाकीट घालून पाने वाटायचो आणि मनाने सूर्यमाळेत हिंडायचो. आता सूर्यमाळेत झोपतो आणि झोपेत खाट पाण्यावर हलते. कुठे असतो ते माझे मलाच कळत नाही.

तीन वर्षांपूर्वी परत आलो. तेव्हापासून रोज दुपारी कमू गिऱ्हाईक आणि मी डीलर. माझ्या पश्चात डीलरची जागा गौतमने घ्यावी, दर रविवारी जीपने येऊन. त्याने एकदा "मास्तराच्या घरात जुगार नको" म्हणून अख्खा कॅट चुलीत घातला होता. तो राग मी आज सोडला. गौतम, परसातल्या झाडाचे चिंचोके आहेत रे, कसला जुगार!

खेळ असा. आईने एक चिंचोका लावावा. तिला तीन पाने, तुला तीन, तुझी पालथी. तिने आपली बघावीत. राणी, छक्का, चौका अशी तिन्ही किंवा त्याहून वरची पाने असतील तर दुसरा चिंचोका लावून लढावे. नसेल तर पाने टाकून पहिल्यावर पाणी सोडावे. मग तू उघडायचे. तुझ्याकडे निदान राणी नसेल तर डीलर बाद. पहिल्या चिंचोक्यावर तिला एक द्यायचा, दुसरा नुसता परत. राणी किंवा वरचे असेल तर ज्याची पाने मोठी तो जिंकला. बोटीवर एका रंगाची लागोपाठ तीन पाने ही तीन एक्क्यांच्याही वर. आईला ते पटत नाही. तिचेच खरे धरावे.

आणखी एक. ती पाने कधी टाकतच नाही. दुर्री-तिर्री आली तरी लढते. म्हणून माझ्याकडे राणी आली की मी पाने न दाखवता मांडीखाली सारतो आणि "डीलर बाद" म्हणतो. गौतमनेही तसेच करावे.

येथवर अंगणात साक्षीदारांना वाचून दाखवले, तोच कमू सूप घेऊन बाहेर आली.

"राणी तू मांडीखाली दाबतोस, ता मना पैल्या सालापासून ठाव हाय."

मी विचारले, मग बोलली का नाहीस?

"तुला बरा वाटं, म्हणून. पण पोराला नको शिकवू. हरलू तं हरलू. समोर बसलाय त्याची पाना मना दिसाया पायजेत." तिने सूप खाली ठेवले. "आन् जव्हारचा डॉक्टर काय बोलला? तीपण राणी दाबलीस ना?"

साक्षीदार माघ्याने विडी विझवली. मी सांगितले. फार तर दिवाळीपर्यंत.

कलम ५. राणी लपवण्याची वरील सूचना मी रद्द करीत आहे. डीलरने पाने उघडी मांडावीत. मला मरणाची भीती वाटते, हेही येथे उघडे मांडतो.

कमूने हिरवे कापड आणून अंगणात अंथरले, एक चिंचोका ठेवला आणि म्हणाली, "वाट." साक्षीदारांना थांबवून मी पाने वाटली. तिने दुसरा चिंचोका सरकवला. मला बदामची राणी आली. मी ती उघडी ठेवली. कमू हरली. डोळे पुसून तिने डब्यातून आणखी एक चिंचोका काढला.

त्यामुळे सही करायला दुपार झाली.

तुळशीदास ढवळू झुगरे (सही)

आमच्या समक्ष लिहिले, वाचले आणि खेळले:
१. प्रेमा सोन्या वारे, अंगणवाडी सेविका (सही)
२. माघ्या लक्ष्या झुगरे (डाव्या हाताचा अंगठा)

मुक्काम सूर्यमाळ, दिनांक २४ मे २००९